क्रेडिट भरपूर, तरी पदवी अडली

वाचकाचा प्रश्न: पत्रलेखिकेने 2023 साली महाराष्ट्रातल्या एका स्वायत्त महाविद्यालयात बी.ए.ला प्रवेश घेतला. नव्या शैक्षणिक धोरणानुसारचा अभ्यासक्रम तिथे त्याच वर्षी सुरू झाला होता. अर्थशास्त्र हा त्यांचा मेजर, म्हणजे मुख्य विषय. सहाव्या सत्राचा निकाल लागला तेव्हा त्यांच्या क्रेडिट खात्यात 136 क्रेडिट (अभ्यासाचे काम मोजण्याचे एकक) होते. पदवीला 132 लागतात. तरीही पदवीसाठी पात्र ठरलेल्यांच्या यादीत त्यांचे नाव आले नाही. चौकशी केल्यावर कळले, की तिसऱ्या सत्रातला दोन क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट आजारपणात राहिला तो तसाच राहून गेला आहे आणि सहाव्या सत्रातला अर्थमितीचा चार क्रेडिटचा पेपर थोड्या गुणांनी सुटलेला नाही. खात्यातले दहा क्रेडिट त्यांनी स्वतःच्या आवडीने ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावर पूर्ण केलेल्या तीन अभ्यासक्रमांचे आहेत. एकूण गुण सत्तर टक्क्यांच्या आसपास आहेत. दुसऱ्या विद्यापीठात एम.ए.साठी निवड झाली आहे आणि घरी वडिलांना ‘पास झाले’ असे सांगून झाले आहे. त्या विचारतात, ‘चार क्रेडिट जास्त असताना पदवी अडवणे हा अन्याय नाही का? मी महाविद्यालयाशी भांडू, चौथ्या वर्षाला प्रवेश घेऊन ही उणीव तिथे भरून काढू, की 88 क्रेडिटवर मिळणारी पदविका घेऊन बाहेर पडू?’

उत्तर:

तुमचा हिशेब बरोबर आहे. 132 मधून राहिलेले सहा क्रेडिट वजा केले की 126 उरतात आणि त्यांत ‘स्वयम्’चे दहा मिळवले की 136 होतात. मात्र पदवी म्हणजे ठरावीक आकड्यापर्यंत नेलेली बेरीज, हे या हिशेबामागचे गृहीत एकदा तपासायला हवे, कारण तुमचा राग, तुमची भीती आणि तुम्ही सुचवलेले तिन्ही पर्याय त्याच गृहीतावर उभे आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा क्रेडिट आराखडा प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान 120 आणि चार वर्षांच्या पदवीसाठी किमान 160 क्रेडिट, हे त्यातले आकडे सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण त्याच आराखड्यात त्या 120 ची वाटणीही दिलेली आहे: मेजर विषयाचे 60, मायनरचे, म्हणजे दुय्यम विषयाचे 24, इतर विद्याशाखांतल्या विषयांचे 9, भाषिक क्षमतेचे 8, कौशल्याचे 9, मूल्यवर्धनाचे 6 ते 8 आणि इंटर्नशिपचे 2 ते 4. महाराष्ट्र शासनाने 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाद्वारे हा आराखडा राज्यात आणताना तीन वर्षांसाठी 120 ते 132 आणि चार वर्षांसाठी 160 ते 176 अशी मर्यादा ठेवली. ओपन इलेक्टिव्ह, व्यावसायिक कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग अशी विभागणी त्यात आणखी बारीक झाली. तुमच्या महाविद्यालयाने वरची मर्यादा घेतली, म्हणून दर सत्राला 22 याप्रमाणे सहा सत्रांचे 132 झाले. यांतला प्रत्येक रकाना भरला की पदवी मिळते. एका रकान्यात जास्त झालेले क्रेडिट दुसऱ्या रकान्यात वळते होत नाहीत. तुमचे ‘स्वयम्’चे दहा क्रेडिट खरे आहेत, कष्टाने मिळवलेले आहेत आणि तुमच्या नावावर राहतील, पण अर्थमितीचा आणि फील्ड प्रोजेक्टचा रकाना त्यांनी भरत नाही.

ही आडमुठी कारकुनी आहे, असे तुम्हांला वाटणे मी समजू शकतो. तरी क्षणभर उलट बाजूने पाहा. केवळ बेरजेवर पदवी मिळू लागली, तर मेजरमधला प्रत्येक अवघड पेपर टाळून सोप्या विषयांवर 132 गाठता येतील, आणि तरीही प्रमाणपत्रावर ‘अर्थशास्त्र’ असेच छापले जाईल. तुमची पदवी पुढे वाचणाऱ्याला, मग तो एम.ए.चा प्राध्यापक असो किंवा नोकरी देणारा, तुम्ही त्या विषयाचा गाभा पुरा केला आहे एवढी खात्री हवी असते आणि रकाने ती खात्री देतात. काही रकाने तर समाजाने मागून घेतलेले आहेत. पर्यावरणाचा विषय पदवीला सक्तीचा झाला त्यामागे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली दिलेला आदेश आहे. विद्यार्थ्याची शाखा कोणतीही असो, त्याला या विषयाची ओळख हवी, ही त्यामागची भूमिका होती. फील्ड प्रोजेक्टकडेही मी तसेच पाहतो. मागणी, पुरवठा आणि बेरोजगारी यांवर तीन वर्षे उत्तरे लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने काही तास तरी माणसांसमोर प्रश्नावली घेऊन बसावे, ही अपेक्षा मला रास्त वाटते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती सर्वांत आधी लागू व्हावी.

याचा अर्थ तुमची तक्रार निराधार आहे असा मात्र नाही. तिसऱ्या सत्रात राहिलेली गोष्ट सहाव्या सत्राचा निकाल लागल्यावर कळावी, ही व्यवस्थेची उणीव आहे आणि तिचा दोष एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे मला मान्य नाही. इतके रकाने असलेली पदवी राबवायची असेल, तर दरवर्षाच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती ‘किती लागतात, किती झाले, काय राहिले’ असा रकानानिहाय तक्ता देणे हे महाविद्यालयाचे काम आहे. तुमची तर या अभ्यासक्रमाची पहिलीच तुकडी. विचारायला पुढच्या वर्गातले कोणी नव्हते. दुसरीकडे, तिसऱ्या सत्राच्या गुणपत्रिकेवर फील्ड प्रोजेक्टसमोर काय लिहिले होते, हे तुम्हीही पाहिले असणारच. ‘पुढे बघू’ म्हणून ते बाजूला पडले असेल, तर ते मान्य करून पुढे जाणे बरे. दोष कोणाचा हे ठरवण्यात एक सत्र घालवण्यापेक्षा त्याच वेळात सहा क्रेडिट पूर्ण करणे तुमच्या हिताचे आहे.

आता तुमचे पर्याय पाहू. चौथ्या वर्षाची कल्पना मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण तिच्यात अडचण सोडवण्यापेक्षा ती घरच्यांपासून झाकण्याची इच्छा जास्त दिसते. चौथे वर्ष पहिल्या तीन वर्षांवर उभे असते. मागचे राहिलेले पेपर त्यात आपोआप विरून जात नाहीत. चौथ्या वर्षानंतर मिळणाऱ्या ऑनर्सच्या पदवीलाही अर्थमिती आणि फील्ड प्रोजेक्ट लागणारच, आणि मागची बाकी असताना चौथ्या वर्षाला प्रवेश मिळेल का, हाच पहिला प्रश्न आहे. संशोधनासह ऑनर्स घेण्यासाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण लागतात. तुमचे गुण पाहता ती वाट आज तुमच्यासाठी खुली नाही, साध्या ऑनर्सची असू शकते. एकूण वर्षांचा विचार केला तर तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचे आणि चार वर्षांच्या ऑनर्सनंतर ते एका वर्षात करता येते, म्हणजे दोन्ही मार्गांनी पाचच वर्षे लागतात. तुम्हांला विषयात खोलवर जायचे असेल, तुमच्या महाविद्यालयात चौथ्या वर्षासाठी चांगले शिक्षक असतील, तर ऑनर्स जरूर करावे. पण वडिलांना सांगावे लागू नये म्हणून एक अख्खे वर्ष खर्च करणे हे कारण पुरेसे नाही.

पदविकेचा मार्ग तर तुमच्या कामाचाच नाही. दोन वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्याला पदविका मिळते, पण त्यासाठी पहिल्या चार सत्रांचे सगळे क्रेडिट लागतात आणि त्यांवर चार क्रेडिटचा कौशल्याधारित अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप वेगळी करावी लागते. तुमचा राहिलेला फील्ड प्रोजेक्ट तिसऱ्या सत्रातला आहे, म्हणजे तो पदविकेलाही आडवा येईल. मग सहा सत्रे अभ्यास करून, जवळजवळ सगळे पेपर सोडवून, चार सत्रांची पात्रता घेऊन बाहेर कशासाठी पडायचे? पदविकेची सोय ज्यांना आर्थिक किंवा घरगुती कारणांनी मध्येच थांबावे लागते त्यांच्यासाठी आहे. तुम्ही थांबलेल्या नाही, सहा क्रेडिट अलीकडे उभ्या आहात.

आणि ते सहा क्रेडिट म्हणजे नेमके किती काम? व्याख्यानाच्या विषयात एका क्रेडिटला सत्रभरात पंधरा तास धरतात. प्रात्यक्षिक, प्रकल्प किंवा क्षेत्रकार्यात एका क्रेडिटला तीस. म्हणजे तुमचा दोन क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट साठ तासांचा आहे. अर्थमितीचा चार क्रेडिटचा पेपरही साठ तासांच्या शिकवण्याचा, आणि तो तुम्ही एकदा वर्गात बसून शिकलेल्या आहात. ‘वर्ष वाया गेले’ असे तुम्ही पत्रात लिहिले आहे. मला तरी यात एका सत्राहून मोठे काम दिसत नाही.

म्हणून कार्यालयात पुन्हा जाण्याआधी लेखी अर्ज तयार करा. परीक्षा नियंत्रकांच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत, त्यात तीनच गोष्टी मागा: माझा रकानानिहाय क्रेडिट तक्ता द्यावा, राहिलेल्या प्रत्येक घटकासाठी पुढची संधी कोणत्या तारखांना आहे ते कळवावे, आणि ते पूर्ण झाल्यावर माझे नाव पदवीच्या कोणत्या यादीत जाईल ते सांगावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. खिडकीवर तोंडी मिळालेल्या उत्तरावर विसंबू नका; सांगणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी नियम नवे आहेत आणि तोंडी उत्तर उद्या बदलू शकते. स्वायत्त महाविद्यालयात अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालयाच्या हाती असतात, पदवी मात्र विद्यापीठ देते, त्यामुळे विद्यापीठाकडे नावे कधी पाठवली जातात ती तारीख तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे.

अर्थमितीच्या बाबतीत पुढच्या परीक्षेचा अर्ज भरण्याआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. पेपर थोड्या गुणांनी राहिला आहे असे तुम्ही म्हणता, म्हणून हे आवश्यक आहे. छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांची मुदत निकालानंतर मोजकेच दिवस असते आणि ती गेली की परत येत नाही. छायाप्रत हाती आल्यावर विषयाच्या शिक्षकांसोबत बसून बेरीज बरोबर आहे का, एखादे उत्तर न तपासता राहिले आहे का, हे पाहा. अंतर्गत गुण आणि सत्रान्त परीक्षेचे गुण यांत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागत असेल, तर नेमके कुठे अडले हेही पाहा. अंतर्गत मूल्यमापनात अडले असेल तर तीन तासांची परीक्षा पुन्हा देऊन काही साधणार नाही. मात्र पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरून ठेवा आणि अभ्यास सुरू करा. पुनर्मूल्यांकनात गुण वाढले तर उत्तमच.

फील्ड प्रोजेक्टसाठी शिक्षकांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. साठ तासांत होईल असा एक छोटा विषय, माहिती कोणाकडून आणि कशी गोळा करणार, अहवाल कोणत्या तारखेला देणार, एवढे एका पानावर लिहून न्या. हा प्रोजेक्ट पुढच्या तिसऱ्या सत्राबरोबरच करावा लागेल असे कोणी म्हणाले, तर घाबरू नका. आजारपणाची वैद्यकीय कागदपत्रे जोडा आणि स्वतंत्रपणे, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली तो आताच पूर्ण करण्याची परवानगी मागा. अशी परवानगी देणे महाविद्यालयाच्या नियमांवर अवलंबून आहे, पण वेळापत्रकासह आलेल्या विद्यार्थिनीला हो म्हणणे शिक्षकाला सोपे जाते.

‘स्वयम्’चा उपयोग होऊ शकतो, पण तुम्ही केलात तसा नव्हे. आयोगाच्या 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करण्याची मुभा संस्था देऊ शकते, मात्र कोणता अभ्यासक्रम कोणत्या पेपरच्या जागी धरायचा हे संस्थेने आधी मान्य केलेले असावे लागते. तुमचे तीन अभ्यासक्रम अशा मान्यतेशिवाय झालेले दिसतात, म्हणून ते अतिरिक्त ठरले. अर्थमितीशी मिळताजुळता अभ्यासक्रम पुढच्या फेरीत उपलब्ध असेल आणि अभ्यास मंडळ त्याची समकक्षता लेखी मान्य करणार असेल, तर तोही एक मार्ग आहे. परवानगी आधी आणि नावनोंदणी नंतर, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. माझे मत विचाराल तर पुरवणी परीक्षा जवळ असताना मी या मार्गाला जाणार नाही.

भांडण्याबद्दल. तुमच्या नोंदीत चूक असेल, म्हणजे दिलेला प्रोजेक्ट नोंदला गेला नसेल किंवा गुण चुकले असतील, तर आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येते. अर्जाला उत्तरच मिळाले नाही, पुरवणी परीक्षेची तारीखच कळवली गेली नाही, तरीही ती वाट धरावी. शिक्का मारलेली प्रत तिथे कामी येईल. पण ‘माझी बेरीज जास्त आहे म्हणून पदवी द्या’ ही मागणी घेऊन समितीपुढे जाऊ नका. ती टिकणार नाही, आणि ज्या शिक्षकांकडून तुम्हांला प्रोजेक्ट तपासून घ्यायचा आहे त्यांच्याशी विनाकारण कटुता येईल.

एम.ए.च्या प्रवेशात तुमची खरी परीक्षा प्रामाणिकपणाची आहे. काही विद्यापीठे अंतिम वर्षाचा निकाल बाकी असताना तात्पुरता प्रवेश देतात आणि उत्तीर्ण झाल्याचा पुरावा आणण्यासाठी मुदत देतात. निकाल बाकी असणे आणि निकाल लागून पेपर राहिलेला असणे या मात्र वेगळ्या स्थिती आहेत, आणि प्रवेशाच्या हमीपत्रावर सही करताना आपण कोणत्या स्थितीत आहोत हे लपवले, तर पुढे प्रवेश रद्द होऊ शकतो. म्हणून तिथल्या प्रवेश विभागाला आताच लिहा: दोन घटक बाकी आहेत, पुरवणी परीक्षा अमुक तारखेला आहे, तोवर प्रवेश राखून ठेवता येईल का, नसेल तर पुढच्या वर्षी हीच प्रवेश परीक्षा पुन्हा द्यावी लागेल का. उत्तर नकारार्थी आले तर वाईट वाटेल, पण तो नकार जूनमध्ये मिळणे डिसेंबरमध्ये प्रवेश रद्द होण्यापेक्षा कितीतरी बरे. शिवाय अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे तुमच्या क्रेडिट खात्यात, जमा झालेले क्रेडिट कमाल सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरता येतात. एका सत्राच्या विलंबाने तुमचे 126 क्रेडिट कुठेही जात नाहीत.

वडिलांना हे कळायलाच हवे, आणि ते तुमच्याकडूनच. तुम्ही ‘पास झाले’ म्हणालात ते बव्हंशी खरे होते, म्हणूनच ते दुरुस्त करणे अजून सोपे आहे. अर्ज देऊन झाल्यावर, पुरवणी परीक्षेची तारीख आणि प्रोजेक्टचे वेळापत्रक हाती असताना त्यांच्याशी बोला. आईवडिलांना बहुतेक वेळा नापास हा शब्द ऐकण्यापेक्षा पुढे काय होणार हे न कळण्याची धास्ती जास्त असते. त्यांना क्रेडिटची भाषा परकी असेल, तर तक्ता समोर ठेवून सांगा, की एवढे झाले, एवढे राहिले आणि ते अमुक महिन्यात पूर्ण होईल.

हे पत्र वाचणाऱ्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. संलग्न महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम 2024-25 पासून सुरू झाला आहे, त्यामुळे अशा अडचणीत सापडणाऱ्यांची संख्या आता वाढण्याची शक्यता आहे. डिजिलॉकरमधल्या खात्यात दिसणारी एकूण बेरीज पाहून निश्चिंत होऊ नका. तुमच्या प्रवेशवर्षाला लागू असलेला अभ्यासक्रम आराखडा संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि प्रत्येक निकालानंतर आपल्या गुणपत्रिकेशी रकानावार ताडून पाहा. दोन क्रेडिटचे घटक, म्हणजे मूल्यशिक्षण, फील्ड प्रोजेक्ट, सहअभ्यासक्रमीय उपक्रम, हेच सर्वांत आधी विसरले जातात, कारण त्यांची मोठी परीक्षा नसते. ऑन जॉब ट्रेनिंगसाठी जिथे जाणार असाल तिथले पत्र आणि महाविद्यालयाची मान्यता काम सुरू होण्याआधी घ्या. सुट्टीत केलेली नोकरी नंतर त्या रकान्यात बसेलच असे नाही. चौथे सत्र संपताना एकदा आणि पाचवे संपताना पुन्हा, तक्ता मागणारा अर्ज कार्यालयात द्या. सहावे सत्र सुरू होण्याआधी उणीव कळली, तर ती त्याच वर्षी भरून काढायला वेळ मिळतो.

तुमच्यासाठी या आठवड्यातली कामे मात्र ठरलेली आहेत: छायाप्रतीचा अर्ज, कारण त्याची मुदत आधी संपेल, मग परीक्षा नियंत्रकांना पत्र, आणि तिसरे, एम.ए.च्या प्रवेश विभागाला. पुरवणी परीक्षेची तारीख कळल्यावर, आणि कोणी ती कळवण्यास नकार दिला तर त्या नकाराच्या प्रतीसह, मला पुन्हा लिहा.